होमोजिनायझरवरचा आळ

"ती मशीन उद्यापासून बंद," चेअरमन अण्णा लॅबच्या दारातूनच म्हणाले. "आन् हास्पिटलानं अजून एक खेप माघारी धाडली, तर संध्याकाळचं दूध घेनंबी बंद."

सत्तरच्या दशकाची सुरुवात. संगमनेरजवळच्या एका लहान सहकारी डेअरीत मी केमिस्ट होतो. आमचं संध्याकाळचं दूध बाटल्यांतून नाशिकच्या एका हॉस्पिटलला जायचं. त्या एका ऑर्डरच्या जोरावर आमची गाडी संध्याकाळीही राजूरकडच्या वाड्यांवर फिरायची. ती थांबली असती, तर तिथल्या बायकांच्या दुसऱ्या धारेच्या दुधाला गिऱ्हाईकच उरलं नसतं. मला झोप लागेना ती याच विचाराने.

तक्रार एकच होती. दुधाला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. दूध नासलेलं नाही, आंबटही नाही. आज भरलेली बाटली आज चांगली, उद्या तिला वास. आम्ही याला ऑक्सिडेशन म्हणतो. दुधातल्या फॅटवर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया झाली की असा वास सुटतो.

संशय होता नव्या होमोजिनायझरवर. हे मशीन दूध अगदी अरुंद फटीतून दाबाने ढकलतं. फॅटचे थेंब फुटून बारीक होतात, मग साय वर येत नाही. मशीनचं उद्घाटन झालं आणि त्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. वरवरचा हिशोबही मशीनच्या विरुद्धच जात होता. थेंब बारीक केले की फॅटचा पृष्ठभाग वाढतो. अख्ख्या ढेपेपेक्षा फोडलेल्या गुळाला मुंग्या लवकर लागतात, तसंच.

"अण्णा, बंद करायच्या आधी दोन दिवस द्या."

"द्या म्हनं! मशीन आनायला तुमीच मागं लागला हुता ना?"

"म्हणूनच मागतोय."

त्यांनी दिले, पण तोंड वाकडं करून.

एकाच पाश्चराइज केलेल्या दुधाचे मी दोन भाग केले. एक मशीनमधून काढला, दुसरा मशीन वगळून. पुढची वाट दोघांची सारखीच, कूलरवरून बाटलीत. दुसऱ्या दिवशी चव घेतली आणि चक्रावलोच. मशीनमधलं दूध थोडं बिघडलं होतं. न फोडलेलं मात्र तोंडात धरवेना!

म्हणजे मशीन वास आणत नव्हतं, उलट थोपवत होतं. विचार केला तसं कोडं सुटत गेलं. फॅटच्या प्रत्येक थेंबाला मुळात एक पातळ आवरण असतं. थेंब फुटले की ते सगळ्यांना पुरत नाही. मग दुधातलं प्रोटीन येऊन नव्या थेंबांना लपेटतं, आणि ते चांगली राखण करतं. तरीही वास येत होता, म्हणजे ऑक्सिडेशनला चिथावणारं काहीतरी दुधात उतरत होतं. असं चिथावणारा धातू म्हणजे तांबं. अगदी लवमात्र असलं तरी पुरतं.

मी सरळ कूलरपाशी गेलो. आमचा कूलर जुन्या पद्धतीचा होता. आतून गार पाणी वाहणाऱ्या तांब्याच्या आडव्या नळ्या, त्यांना बाहेरून कल्हई, आणि त्यांच्यावरून दूध पातळ धारेने ओघळत खाली येणार. जुनी झालेली कल्हई कळकट करड्या रंगाची असते. इथे नळ्या तांबूस लखलखत होत्या.

सफाईवाल्या कोंडाबाईंना विचारलं. त्या खूश झाल्या.

"मशीनच्या पूजेला मंत्री येनार हुते ना, सायब! अण्णा म्हनले, देवाच्या भांड्यावानी चमकलं पायजे. चिंच आन् राख लावून दोन दिस घासलं. तवापासून रोज घासती."

पुढच्या घाण्यात कूलर वगळला. दूध स्टीलच्या बादलीत भरून बादली बर्फात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या दुधाला वास नव्हता.

संचालकांच्या बैठकीत पहिला प्रश्न आला, "चूक कुनाची?" कोंडाबाई दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"माझी," अण्णा म्हणाले. "कूलर मीच घासायला लावला. त्या बाईला कुनी काय बोलायचं न्हाई."

कल्हईवाला संगमनेरहून आला. कूलरचा तांबूस लखलखाट पुन्हा कल्हईखाली गेला, होमोजिनायझर चालू राहिला, संध्याकाळची गाडीही. मला त्या दिवशी अण्णांचा फार अभिमान वाटला.

पुढे नोकरीत कितीतरी प्लांट तपासले. कौतुकाने दाखवलेली चकचकीत वस्तू दिसली, की मी आधी विचारतो, हिच्यावरचं काय घासून काढलंत?