काचेतला गोळा

एस्प्लनेडजवळच्या एका सरकारी कंपनीत मी प्रोग्रॅमर होते, तेव्हाची गोष्ट. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. कॉम्प्युटरशी बोलायचं म्हणजे टाइपरायटरसारख्या एका धुडासमोर बसायचं. आपण टाइप केलं की ते खडखडाट करत कागदावर उत्तर छापायचं. आमच्या विभागप्रमुखांना सगळे बोडोबाबू, म्हणजे बंगालीत मोठे साहेब, म्हणत. ते काचेच्या केबिनमध्ये पेपर वाचत बसत. खडखडाट चालू म्हणजे काम चालू, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. आवाज थांबला की पेपर खाली येई आणि वरून दोन डोळे दिसत.

मग ते धूड गेलं आणि त्या जागी स्क्रीन आला. फुगीर काळी काच आणि तिच्यावर हिरवी अक्षरं. सुरुवातीला माझं डोकं ठणकायचं. अक्षरं थरथरायची, आणि घरी गेल्यावर पांढऱ्या भिंती गुलाबी दिसायच्या. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं, रंगाचा खर्च वाचला." मग गुलाबपाण्यात बुडवलेला कापूस तिने माझ्या डोळ्यांवर ठेवला आणि मला आडवं केलं.

पण माझ्यापेक्षा वाईट अवस्था बोडोबाबूंची होती. खोली एकदम शांत झाली होती. कोण काम करतंय आणि कोण बसलंय, हे त्यांना कळेना. शेवटी ते केबिनमधून उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहू लागले.

"काम चाललंय?"

"हो, सर."

"ऐकू नाही येत." थोड्या वेळाने, "ती पहिली ओळ कुठे गेली?"

"वर गेली."

"वर म्हणजे?"

वर जाण्याचा अर्थ बंगालीतही तोच होतो, म्हणून मी खुलासा टाळला.

खरी अडचण वेगळीच होती. बोडोबाबूंना पूर्ण टक्कल होतं, आणि छतावरच्या ट्यूबलाइटचा उजेड त्यावरून थेट माझ्या काचेत उतरायचा. स्क्रीनच्या मधोमध एक तेजस्वी गोळा, आणि त्याखालची अक्षरं गुडूप. मी मान तिरकी करून वाचायला जाई. ही काय बघते म्हणून ते पुढे वाकत, की गोळा आणखी मोठा होई. अशाच एका दुपारी माझ्या हातून कर्मचाऱ्यांच्या यादीत एका कारकुनाची नेमणूक त्याच्या जन्माच्या आधी झाली.

बोडोबाबूंनी कारण विचारलं. मी चांगली घरंदाज उत्तरं शोधली. एकही सापडलं नाही.

"सर, तुमच्या डोक्याचा उजेड काचेवर पडतो."

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण खाली पडलेली पेन्सिल शोधायला टेबलाखाली गेली. पेन्सिल तिच्या हातातच होती.

"पहिल्या दिवसापासून?" बोडोबाबूंनी विचारलं.

"हो."

"मग सांगायचं नाही का?" आणि ते केबिनमध्ये निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते माकडटोपी घालून आले. बाहेर जूनचा घाम. "मशीनच्या एसीने सर्दी होते," त्यांनी न विचारता सगळ्यांना सांगितलं. गोळा गेला. मात्र आता काचेत तपकिरी लोकरीच्या चौकटीतून एक नाक आणि दोन डोळे माझ्याकडे टक लावून बघायला लागले. अक्षरं दिसत होती, पण हसू दाबताना मला टाइप करता येईना. शेवटी मीच उठले.

"सर, तुम्ही बसून बघा ना."

ते खुर्चीत अंग चोरून बसले. एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं आणि त्यात चुकले. मी पुसायची कळ दाखवली. चुकलेलं अक्षर नाहीसं झालं.

"खूण राहत नाही?"

"नाही."

"कुणालाच कळणार नाही?"

"नाही, सर."

टायपिस्टांच्या चुकांवर जन्मभर लाल पेन्सिल चालवलेल्या त्या माणसाने मग मुद्दाम चूक केली आणि पुसली. पुन्हा केली, पुन्हा पुसली. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दुपारची जेवणाची सुट्टी ते माझ्या जागेवर काढू लागले. त्यांच्या मोहल्ल्याच्या दुर्गापूजेचे ते अध्यक्ष होते, आणि उद्घाटनाचं भाषण ते इंग्रजीत रचत होते. रचता रचता ते वाढत गेलं. माझी डोकेदुखी त्याच सुमाराला कधीतरी थांबली, कारण दुपारी मला डोळ्यांना भरपूर विश्रांती मिळत होती.

एके दिवशी भाषण ऐन रंगात असताना लोडशेडिंग झालं. काच काळी पडली. अंधारात बोडोबाबू टोपीसकट तसेच बसून राहिले.

"परत येईल?" त्यांनी विचारलं.

"करंट येईल, सर. भाषण नाही येणार."

इतके दिवस मी त्यांची टर उडवत होते, पण तेव्हा मला खरंच त्यांची दया आली. मी त्यांना पंखा म्हणून एक फाइल दिली. त्यांनी टोपी काढली आणि वारा घेत बसले. दुसऱ्या दिवशी ते नव्याने लिहायला बसले. मागचं काही आठवत नसल्यामुळे भाषण एका पानात आटोपलं.

त्या पूजेला मी आईला घेऊन गेले. दरवर्षी अध्यक्षांच्या भाषणात निम्मा मांडव रिकामा होतो, असं मैत्रिणीने बजावलं होतं. बोडोबाबू उभे राहिले, थोडकं बोलले आणि बसले. लोक आधी गोंधळले, मग जोरात टाळ्या पडल्या. मंडळींनी त्यांना पुढच्या वर्षासाठीही अध्यक्ष केलं.

"तुझे साहेब किती मितभाषी आहेत गं," आई म्हणाली. "शिक जरा."