कॉम्प्युटरातला जुना पत्ता

पोलादपूरच्या गोदावरीबाई बारा वर्षं लोकांचे अर्ज भरतायत. कॉम्प्युटरवरचं काहीही त्या पुसत नाहीत.

"बाई, पाचाला मुदत संपतेय! साइट माज्या फोनात उघडते. पोरीचे दाखले तुमच्या कॉम्प्युटरात, आनि तिथंच उघडत नाय!" उमरठची आवडी लेकीच्या नर्सिंगच्या अर्जासाठी आली होती.

पावणेपाच वाजले. बाईंनी मुंबईला भाच्याला फोन लावला.

"मावशी, साइटचा पत्ता बदललाय, तुझा कॉम्प्युटर जुनाच धरून बसलाय. डीएनएस कॅशे पुसून टाक."

"पुसू? लोकांचे दाखले गेले म्हणजे?"

"फक्त पत्ते जातात गं!"

तरी बाईंनी आधी सगळे दाखले पेनड्राइव्हवर घेतले, मगच भाच्याने सांगितलेली कमांड दिली.

चार अठ्ठावन्नला अर्ज गेला.

आवडी म्हणाली, "माजा जीव गेला असता बाई, पन तुमचे दाखले ऱ्हायले असते!"