धुणार कोण?

चिंचवडच्या स्टेशनरस्त्यावर मीरासाहेबाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर तीन बाजूंना पत्रा, चौथ्या बाजूला रस्ता आणि मधोमध पाण्याचं एक घमेलं. पण पंक्चर शोधण्यात त्याचा हात धरेल असा माणूस कासारवाडीपासून देहूपर्यंत नव्हता. फुगवलेली ट्यूब दोन्ही हातांनी पाण्यातून सरकवत न्यायची, आणि बुडबुडा दिसतो न दिसतो तोच अंगठा भोकावर. बोलणं बेताचं. शब्द मात्र एकदा दिला की दिला. लोक या गुणाचं फार कौतुक करत. पण गुणसुद्धा कधी कधी माणसाला गोत्यात आणतात, हे कौतुक करणाऱ्यांच्या गावी नसतं.

चोपन्न साली त्याला कॅमेऱ्याचं वेड लागलं. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतले एक काका गाव सोडून निघाले होते. त्यांना सायकल हवी होती आणि त्यांच्याकडे एक काळा चौकोनी डबा होता. अदलाबदल झाली. डब्याला पुढे भिंगाचा एक डोळा, बाजूला फिल्म सरकवायची किल्ली, आणि मागे लाल काचेची इवलीशी खिडकी. त्या खिडकीत कितवा फोटो आहे तो आकडा दिसायचा. एका फिल्मवर आठ फोटो. मीरासाहेबाने पवनेचा घाट काढला, बैलगाडी काढली, स्वतःचं दुकानही काढलं. आता काढायचं राहिलं होतं ते एकच माणूस, आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं.

ते माणूस म्हणजे त्याची बायको, ताजुन्निसा. चाकणची मुलगी, गोषातली. सहा वर्षांच्या संसारात चिंचवडातल्या एकाही परक्या पुरुषाने तिचा चेहरा पाहिलेला नव्हता. तोंड झाकलेलं असलं तरी जिभेला मात्र पडदा नव्हता.

"एक फोटो काढू दे की," तो म्हणाला.

"काढा. पन धुनार कोन?"

"पुण्यात दुकान हाय."

"म्हंजी कुनी परका बाप्या अंधाऱ्या खोलीत बसून माझं तोंड धुनार? न्हाई बाई! उजेडात कुनाला दावलं न्हाई, ते अंधारात दावू व्हय?"

मीरासाहेब हसला, पण तिचं म्हणणं त्याला पटलंही. फोटो धुणं म्हणतात ते धुणं निराळं, हे तिला समजावत बसण्यात अर्थ नव्हता; आणि खरं सांगायचं तर फारसं निराळं नव्हतंही. तो म्हणाला, "मग मी शिकतो."

"शिका. तुमी धुवा, तुमीच बघा. दुसऱ्या कुनाला दावायचा न्हाई आन् सांगायचं बी न्हाई. कबूल?"

"कबूल."

"आन घ्या."

त्याने आण घेतली. मग पंचावन्नच्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती मागच्या दारात उभी राहिली. पाठीमागे घरातला काळोख, तोंडावर कोवळं ऊन, नाकात चमकी. त्याने डबा छातीशी धरला, खिडकीत चारचा आकडा येईपर्यंत किल्ली फिरवली आणि म्हणाला, "हलू नगंस." न हलता ती हसली. खटका पडला.

"झालं? एवढंच व्हय? मला वाटलं, काय तरी लागंल."

त्याने डबा खुंटीला टांगला. एक बारीकशी गोष्ट इथेच सांगून ठेवलेली बरी. मीरासाहेब किल्ली फोटो काढायच्या आधी फिरवायचा, काढल्यावर नाही. कुणी शिकवलेलंच नव्हतं, तर त्याला काय ठाऊक! खिडकीत चारचा आकडा तसाच राहिला.

शब्दाप्रमाणे तो त्याच आठवड्यात शिकायला गेला. गावातल्या शाळेत उद्धवराव नावाचे ड्रॉइंग मास्तर होते. त्यांनी हौशी लोकांचं एक फोटो मंडळ चालवलं होतं. दर रविवारी सकाळी सात-आठ जण जमत. शाळेतल्या नकाशांच्या खोलीला घोंगड्या लावून अंधार केलेला, आणि आत लाल दिवा म्हणून रेल्वेचा हातकंदील. तो दौलतरावांनी आणलेला. दौलतराव स्टेशनावर तिकीटबाबू होते. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधलेली असायची, आणि जो तो आपला फोटो चिमट्याने तिला लावायचा. मग मंडळाचा रिवाज सुरू व्हायचा: चूक आधी, वाहवा मागून. प्रत्येकाने फोटोपुढे उभं राहून आधी चूक काढायची. ती सापडल्याशिवाय "छान" म्हणायची बंदी होती. आणि चुकलेली फिल्म मास्तरांकडे गेली की ते बारीक पात्याने आणि शिसपेन्सिलीने तिच्यावर अशी मलमपट्टी करत, की मुळात चूक होती हे कुणाला सांगून खरं वाटू नये. त्यात त्यांचा हातखंडा होता, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

मीरासाहेब दोन रविवार गेला. तिसऱ्या रविवारी ताजुन्निसाला ताप भरला. डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. अकराव्या दिवशी ती गेली.

घरात चादरी धरून बायकांनी तिला आंघोळ घातली. त्यांच्या रिवाजात नवऱ्याने त्या वेळी बायकोला हात लावायचा नसतो. मीरासाहेब बाहेर ओट्यावर बसून आतल्या पाण्याचा आवाज ऐकत राहिला. त्याची थोरली विधवा बहीण शहाजादी बाहेर आली आणि म्हणाली, "मीरा, तोंड बघून घे." त्याने बघितलं. मग कफनाचं कापड चेहऱ्यावर आलं, आणि या जगात ताजुन्निसाचा चेहरा एकाच जागी उरला. खुंटीवरच्या डब्यात.

चाळिसावा दिवस झाल्यावर तो पुन्हा मंडळात येऊ लागला. लोकांना वाटलं, बिचारा मन रमवतोय. मन कसलं रमतंय! त्याला ते एक धुणं शिकायचं होतं. पण कुणाला सांगायचं नाही अशी आण होती, म्हणून त्याने सांगितलं नाही.

हात त्याचा मुळातच तयार होता. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरून ती औषधाच्या थाळीतून वरखाली खेळवायची, म्हणजे घमेल्यातून ट्यूब सरकवायची तीच तऱ्हा. मास्तर थक्क झाले. त्याने सगळ्यांच्या फिल्मा धुतल्या, स्वतःची तेवढी नाही. आज नको, उद्या. हात अजून स्थिर नाही. खरं कारण त्याचं त्याला ठाऊक होतं: धुतली नाही तोवर ती आत होती, सुखरूप होती, हसत होती. धुताना बिघडली तर दुसऱ्यांदा मेली असती.

फोटो काढण्याच्या बाबतीत मात्र मास्तरांनी त्याला धारेवर धरलं. सरावासाठी आपला घडीचा कॅमेरा त्याच्या हाती दिला आणि दर वेळी ते ओरडायचे, "काढला की लगेच किल्ली! काढला की किल्ली, मीरासाहेब! न्हाईतर एकावर एक दोन बसतील." वर्षभर हे ऐकून ऐकून त्याच्या अंगठ्याची सवय पार बदलली. खटका पडायचा अवकाश, अंगठा आपोआप किल्लीवर जायचा.

छप्पन सालच्या मार्चमध्ये दौलतरावांची दौंडला बदली झाली. सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचं ठरलं. मंडळी शाळेच्या उघड्या दारापुढे रांगेत उभी राहिली आणि ऐन वेळी मास्तरांच्या घडीच्या कॅमेऱ्याचा कातडी भाता फाटलेला निघाला.

"मीरासाहेब, तुमचा डबा आना," दौलतराव म्हणाले.

डब्यात ताजुन्निसा होती. पण दौलतरावांना नाही कसं म्हणायचं? त्यांच्याच कंदिलाच्या उजेडात तो शिकला होता. आणि आतली फिल्म कधीतरी संपवायची होतीच. त्याने डबा आणला. लाल खिडकीत पाहिलं. चार. शिकलेल्या अंगठ्याने हिशेब केला: काढला की किल्ली, तेव्हा मागचा फोटो पुढे सरकलेला आहे, हा चौथा कोरा आहे. न शिकलेल्या अंगठ्याची वर्षापूर्वीची रीत त्याला आठवलीच नाही, आणि आधी काढलेले फोटो मोजायचंही सुचलं नाही. सगळे हसले, खटका पडला, आणि त्याने शिस्तीत, लगेच, किल्ली फिरवली.

उरलेले चार फोटो त्याने गल्लीचे काढून टाकले. मग एका संध्याकाळी शाळेची किल्ली मागून घेतली आणि लाल कंदिलापुढे एकटाच उभा राहिला. बिस्मिल्ला म्हणून फिल्म औषधात सोडली. वर, खाली. घाट उमटला. बैलगाडी उमटली. दुकान उमटलं. चौथ्या चौकटीत मंडळाची माणसं उमटू लागली तेव्हा तो चरकला. आणि त्या माणसांच्या मधोमध, शाळेच्या अंधाऱ्या दारात, अंगठ्याच्या नखाएवढा एक चेहरा वर आला.

फिल्मवर सगळं उलटं दिसतं, गोरं ते काळं आणि काळं ते गोरं. तरी त्याने ओळखलं. घरच्या दारातून निघून ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली होती, आणि हसत होती.

काय झालं ते त्याला कळलं. फिल्म धुऊन सुतळीला लावली आणि तिच्यापुढे बसून तो रडला. पण रडता रडता त्याच्या लक्षात आलं, की चेहरा पुरता आहे. दार काळं होतं म्हणून वाचला. आजूबाजूला काळा कागद लावून तेवढाच भाग छापला, तर ती एकटी मिळेल. वर्षभरात पहिल्यांदाच त्या रात्री तो पोटभर जेवला, आणि शहाजादीने मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले.

रविवारी मंडळात तो एवढंच बोलला, "फोटो बिघडला. एकावर एक बसले."

"आना की, बगू," मास्तर म्हणाले.

"नगं मास्तर. लाज वाटती."

दौलतरावांचा चेहरा पडला. "जाऊ द्या हो," ते म्हणाले, पण त्यांना लागलं होतं, आणि मास्तरांनी ते पाहिलं.

छापायचा कागद मंडळाच्या खोक्यातून घेतला असता तर कोणी ना कोणी विचारलं असतं, काय छापताय? म्हणून शनिवारी मीरासाहेब पुण्याला गेला. कागद मिळाला, पण संध्याकाळची गाडी चुकली. मामेभावाकडे राहून तो रविवारी सकाळी परत आला. फिल्म बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. डबा उघडला, तर रिकामा.

"आपा, हितली फिल्म?"

"काल मास्तर आलते," शहाजादी म्हणाली. "म्हनले, मीरासाहेब उगंच लाजतोय, त्याची चूक मी दुरुस्त करून देतो. मी दिली. लई भला मानूस, मीरा."

त्याने सायकल काढली. इतकी वर्षं लोकांच्या सायकली दुरुस्त केल्या, पण तशी सायकल त्याने कधी मारली नव्हती.

वर्गात सगळे जमले होते. सुतळीवर मधोमध एकच मोठा फोटो लटकत होता. मंडळाची सगळी माणसं, हसरी, लख्ख. मागे शाळेचं दार. दार काळंभोर, स्वच्छ, रिकामं.

"या, या!" मास्तर आनंदाने उठले. डोळे जागरणाने लाल झालेले. "दौलतराव उद्या निघनार, म्हनून रात्रीच बसलो. चला, रिवाज म्हंजी रिवाज. चूक काडा!"

एकेक जण पुढे झाला, डोळे बारीक करून बघत राहिला आणि मान हलवून मागे सरला. कुणाला चूक सापडेना. दौलतराव तर फोटोवरून हात फिरवत म्हणाले, "मीरासाहेब, हा मी दौंडला भिंतीवर लावनार."

मग मीरासाहेबाची पाळी आली. तो फोटोपुढे उभा राहिला. सांगितलं असतं तर आण मोडली असती. आणि सांगून तरी काय? या भल्या माणसाला जन्मभराचा घोर लावायचा? त्याने काळ्या दारावर बोट ठेवलं.

"चूक हितं हुती," तो म्हणाला.

मास्तर खूश होऊन हसले. "व्हय की! दारात कुनी तरी बाई उमटली हुती. कोन कुठली, द्येव जाने. पात्यानं तासून तासून तोंड साफ धुऊन काडलं. आता न्हाई ना दिसत?"

"न्हाई," मीरासाहेब म्हणाला. "आता न्हाई दिसत."

रिवाजाप्रमाणे चूक निघाली होती. मग वाहवा झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानेही वाजवल्या.

मास्तरांनी एक प्रत त्याला दिली. ती त्याने घरात लावली. शहाजादीला डोळ्यांनी कमी दिसायचं. ती अगदी जवळ जाऊन बघत राहिली.

"मीरा, ह्यात तू कुठं हायेस?"

"मी न्हाई, आपा. काढनारा फोटोत नसतो."

"मग घरात कशाला लावलास? आपलं कोन हाय ह्यात?"

पुण्याहून आणलेला कागद मीरासाहेबाने बांधलेल्या पुडक्यासकट बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. मग दुकानात जाऊन घमेल्यातलं पाणी बदललं.