जेटसमोर फुटलेला नारळ

"मॅडम, नारियल फोड़ दिया," साहू भैया वॉकीटॉकीवर ओरडला. तो आमच्या जीपचा ड्रायव्हर.

"कुठे?"

"एप्रन पर. नए जेट के सामने."

एप्रन म्हणजे विमानं उभी करायची काँक्रीटची जागा. राज्य नवं, राजधानी नवी, आणि आमच्या रायपूरच्या विमानतळावर त्या दिवशी हवाई प्रदर्शन होतं. एक जुनं पंख्याचं विमान ट्रकवर घालून आणून, जोडून उभं केलेलं. त्याच्या शेजारी एक निवृत्त जेट. आणि टोकाला नवंकोरं लढाऊ विमान. पहिली दोन नुसती बघायची. तिसरं दुपारी उडायचं होतं.

एप्रन साफ आहे की नाही ते बघून टॉवरला कळवणं माझं काम. मी 'क्लिअर' म्हटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बीएस्सी, फिजिक्स. माझ्या शब्दावर जेट थांबतं, हे मी आमच्या चौबे कॉलनीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

जेट इंजिन म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरचा मोठा भाऊ. समोर पडलेलं सगळं ओढून घेतं. आत पाती प्रचंड वेगानं फिरत असतात. करवंटीचा एक तुकडा आत गेला तर पातं तुटू शकतं, आणि ते हवेत तुटलं तर पायलटचं काही खरं नाही. अशा वस्तूंना आम्ही फॉड म्हणतो. साध्या भाषेत, धोक्याचा कचरा.

मी पोचले. पंडरी बाजारातले कापडाचे होलसेल व्यापारी, स्वागत समितीचे अध्यक्ष सेठजी, हात जोडून उभे. त्यांना जुन्या विमानाला हार घालायची परवानगी होती. पण नवं विमान बघून त्यांना राहवलं नाही.

"नई गाड़ी है मॅडम. बिना नारियल के कैसे निकलेगी?"

"सेठजी, गाड़ी खुद नारियल खा जाएगी."

उड्डाणाला थोडाच वेळ होता. त्यानंतर दिल्लीचं प्रवासी विमान उतरणार होतं. वेळ हुकली की उड्डाण रद्द. मैदानात शाळांची पोरं सकाळपासून मान वर करून बसलेली. तेवढ्यात समितीच्या घोळक्यातून माझे साहेब पुढे आले. मूळचे अमरावतीचे.

"अवं मेश्रामबाई, झाडून टाक अन् दे क्लिअर! काहून वेळ लावून राहिली?"

मी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. खांद्याला खांदा, नजर खाली, पाऊल पाऊल पुढे. याला फॉड वॉक म्हणतात. वायुदलाचे जवान, साहू भैया, समितीचे लोक, सफारीतले सेठजी, सगळे वाकून चालले. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

झेंडूच्या पाकळ्या, तांदूळ, करवंटीचे तुकडे, सगळं गोळा झालं. पण सगळे तुकडे मिळाले हे कळणार कसं? मी जीपच्या बॉनेटवर पेपर पसरला.

"सेठजी, जोड़िए."

"फूटा नारियल कौन जोड़ता है मॅडम?"

"आज आप."

माणूस कापडातला. काठाला काठ भिडवण्यात हात तयार. बघता बघता करवंटी उभी राहिली. फक्त नारळाच्या डोळ्यांजवळचा एक तुकडा नव्हता.

पुन्हा शोधलं. चाकांखाली, काँक्रीटच्या फटींत. मेकॅनिकनं टॉर्च घेऊन इंजिनाच्या तोंडात डोकावून पाहिलं. काही नाही.

"गेला असन कुठं तरी," साहेब म्हणाले. "एवढ्याशा तुकड्यानं का होते?"

"मग साहेब, टॉवरला तुम्ही सांगा. तुमच्या नावानं."

शिडीला टेकून उभा असलेला पायलट हसला. "मॅडम, आराम से ढूँढिए. ऊपर मुझे जाना है."

मी पुन्हा करवंटीकडे वळले; काही तुकड्यांना खोबरंच नव्हतं. प्रसाद आठवला तो तेव्हा.

"सेठजी, प्रसाद किसको दिया?"

"दो जवानों को, पंडितजी को. सबको छीलके दिया. सिर्फ बड़े साहब को कड़े छिलके के साथ, पूरा टुकड़ा. इज्जत की बात है न."

सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांचा हात हळूच शर्टाच्या खिशात गेला. रुमालात गुंडाळलेला तुकडा बाहेर आला.

"एप्रनवर खाणं मना आहे न," साहेब म्हणाले. "म्हणून ठेवला होता. नियम म्हणजे नियम."

साहू भैया तोंड फिरवून खोकायला लागला. सेठजींनी तुकडा बसवला. चपखल बसला. मी वॉकीटॉकी उचलला. "टॉवर, एप्रन क्लिअर."

जेट धावपट्टीवरून सुटलं आणि नाक वर करून सरळ आभाळात घुसलं. आवाजानं छाती हादरली. पोरांनी त्याच्याहून मोठा आरडाओरडा केला. सेठजी रडत होते. "देखा मॅडम? नारियल का असर."

मी पेपरसकट करवंटी जीपमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सर्क्युलर काढलं, एप्रनवर नारळ फोडू नये. खिशाचा उल्लेख त्यात नव्हता. तो नियम मी माझ्यापुरता केला. एप्रनवर काही हरवलं की जमीन बघण्याआधी मी खिसे रिकामे करायला सांगते, आणि सुरुवात हुद्द्यानं सगळ्यात मोठ्या माणसापासून करते. वेळ वाचतो.