बाईंचं गाणं आणि सरांचं गाणं

"नंबर लागला म्हणून गाणं मोठं होत नाही. मोठं होतं म्हणून नंबर लागला, हे आधी सिद्ध करा."

एवढं बोलून बाई टेबलावर खडूने दोनदा ठोकायच्या आणि वाद सुरू व्हायचा. त्या गणित शिकवायच्या, त्यामुळे सिद्ध करण्याची भाषा त्यांच्या तोंडात बसलेली. वाद मात्र गाण्यांचा असे. साठच्या दशकात रेडिओवरच्या क्रमवारीत जी गाणी वर्षभर वाजून पहिल्या पायदानावर पोचली, त्यातलं सगळ्यात श्रेष्ठ कोणतं, एवढाच प्रश्न. तो भिवंडीतल्या आमच्या शाळेत वीस-बावीस वर्षं सुटला नाही.

एकाच इमारतीत सकाळी मराठी शाळा भरायची आणि दुपारी उर्दू. आमची शिफ्ट सुटून त्यांची सुरू होईपर्यंत शिक्षकांच्या खोलीत दोन्हीकडची माणसं एकत्र असायची. उर्दू शाळेचे अन्सारी सर इतिहास शिकवायचे. डबा उघडता उघडता ते म्हणायचे, "तो फिर बाई, आज फैसला होऊन जाऊ दे." मी चित्रकला शिकवणारा, दोघांपेक्षा बराच लहान. माझं काम ऐकायचं आणि चहा सांगायचा.

बाईंचं एक गाणं ठरलेलं आणि सरांचं एक; ती कोणती ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं की तुम्हीही बाह्या सरसावून वादात उतराल आणि बाई बाजूला राहतील. एवढंच सांगतो, की बाईंचं गाणं संथ होतं, वाट पाहण्याचं. सरांचं गाणं खुशीतलं होतं, त्यात ढोलक आणि ॲकॉर्डियन. सर म्हणायचे, "बाई, तुमचं गाणं ऐकलं की माणूस जेवत नाही." बाई म्हणायच्या, "आणि तुमचं म्हणजे लग्नातलं सरबत. प्यायलं, पेला ठेवला, विसरलं." एरवी बाई स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या, पण वाद रंगला की माहेरची, वडपे गावची बोली वर यायची. "ह्या गाण्यात काय बी न्हाय, सर. नुसता आवाज हाय."

वडप्यात त्यांच्या लहानपणी एकाच घरी रेडिओ होता. त्या घराच्या ओट्यावर बसून त्यांनी ही सगळी गाणी ऐकली. आता तिथे ट्रक उभे असतात आणि गोदामांचे पत्रे दिसतात. लग्न होऊन बाई भिवंडीत आल्या त्या एका चाळीत, लूमच्या कारखान्यावरच्या खोलीत. खाली दिवसरात्र माग चालायचे. जमीन थरथरायची, भांडी मांडणीवर हळूहळू सरकत कडेला यायची. त्या खोलीत त्यांनी संसार केला, मुलगी वाढवली, वह्या तपासल्या, आणि त्याच खोलीत त्यांचे कान गेले.

एकदम नाही गेले. आधी वर्गातल्या मागच्या बाकावरचा आवाज गेला, मग दारावरची कडी, मग मुलीचा फोन. निवृत्त होईपर्यंत त्या ओठ वाचायला शिकल्या होत्या. मुलीने कानाचं यंत्र आणून दिलं. त्यातून बोलणं थोडं कळायचं, पण गाणं लावलं की बाई ते काढून पर्समध्ये ठेवायच्या. "यातनं गाणं ऐकलं तर खालचा माग ऐकल्यासारखं वाटतं," म्हणायच्या.

मला वाटलं, आता वाद संपला. पण निवृत्तीनंतरही दर रविवारी वंजारपट्टी नाक्याजवळ अन्सारी सरांच्या घरी आम्ही तिघं जमायचो, आणि ठोकणं तसंच, बोलणं तसंच. मी एकदा विचारलं, "बाई, आता ऐकू येत नाही तर तुलना कशी करता?"

"कोण म्हणतं ऐकू येत नाही? बाहेरचं येत नाही."

सरांना हे खरं वाटेना. त्यांनी बाईंना कानातलं यंत्र काढायला लावलं, मोबाइलवर त्यांचं गाणं लावलं, फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि सुरू होताच बाईंच्या हाताला स्पर्श केला. बाईंनी डोळे मिटले. गाणं चालू होतं. भाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, दारात उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "संपलं." माझ्या मांडीवर सतारीचा शेवटचा सूर विरत होता. अन्सारी सरांनी फोन उचलून खिशात टाकला आणि त्या दिवशी वाद घातला नाही.

मग सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, पण सांगायला गेले की "वो... वो..." एवढाच शब्द निघायचा. दिवसभर बोलणारा माणूस. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी भेटायला गेलो तर भाभी दारातच म्हणाल्या, "किसीसे मिलना नहीं चाहते. खाना भी छोड़ दिया है."

मी बाईंना सांगितलं. त्यांनी माझे ओठ नीट पाहिले, मला पुन्हा सांगायला लावलं, आणि चपला घातल्या.

सर भिंतीकडे वळून पडले होते. बाई पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या. तब्येत विचारली नाही, धीर दिला नाही. सरळ गायला लागल्या. आणि गायल्या ते सरांचं गाणं. ते सरबतवालं.

खरं सांगायचं तर ते ऐकवत नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे सूर एकीकडे आणि बाई दुसरीकडे. शब्द मात्र चोख. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याच्या वरच्या सुरावर त्या इतक्या घसरल्या, की भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाची पाठ हलली. सर वळले. त्यांनी डावा हात उचलून बाईंना थांबवलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि ती ओळ स्वतः गाऊन दाखवली. पूर्ण ओळ. सगळ्या शब्दांसकट.

भाभी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

सरांना स्वतःलाच काय झालं ते कळलं नव्हतं. बाईंनी पुढे वाकून त्यांच्या छातीवर तळहात ठेवला आणि त्यांच्या ओठांकडे पाहत राहिल्या. सर पुढची ओळ गायले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "शब्द येतायत?" मी मान हलवली. "मग चला, पुढचं."

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, की असं होतं कधीकधी. बोलणं गेलं तरी गाणं राहतं, आणि गाण्याच्या आधाराने थोडंफार बोलणं परत येऊ शकतं. होत असेल. माझ्या समोर मात्र एक बाई होत्या, ज्यांना ऐकू येत नव्हतं, आणि एक सर, ज्यांना बोलता येत नव्हतं, आणि त्या दोघांमध्ये एक गाणं चाललं होतं.

घरी परतताना मी विचारलं, "तुमचं गाणं का नाही म्हटलंत?"

"माझं मला पुरतं. त्यांना त्यांचंच लागणार ना."

पुढे बाई रोज जायला लागल्या. सर पाणीसुद्धा चालीत मागायचे, भाभी हसू दाबत आणून द्यायच्या. हळूहळू चाल गळत गेली आणि शब्द उरले. एका दुपारी त्यांनी बाईंकडे बोट रोखलं आणि एकेक शब्द जुळवत पहिलं सबंध वाक्य बोलले. "मेरा गाना... नंबर एक."

बाईंनी ओठ वाचले.

"न्हाय," त्या म्हणाल्या.

बाई या हिवाळ्यात गेल्या, नाशिकला मुलीकडे असताना. मला फोन आला तो सगळं उरकल्यावर. सरांना सांगायला मी गेलो. त्यांनी डाव्या हाताने टेबलावर दोनदा ठोकलं, बाई ठोकायच्या तसं.

मला आठवतो तो बाई नाशिकला जाण्याच्या आदल्या दिवशीचा प्रवास. सरांचा निरोप घेऊन आम्ही शेअर रिक्षात बसलो होतो. बाई कडेला, मी मध्ये, पलीकडे एक माणूस कापडाचा गठ्ठा मांडीवर घेतलेला. रिक्षावाल्याने मोठ्याने काहीतरी लावलं होतं. बाई बाहेर बघत होत्या. बघता बघता त्या गुणगुणायला लागल्या, आणि आपला आवाज चढतोय हे त्यांना कळलं नाही. त्यांचं ते संथ गाणं. आणि यावेळी, कसं कोण जाणे, सूर लागला होता. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि आपलं गाणं बंद केलं. समोरून ट्रक येत होते, हॉर्न वाजत होते. कल्याण नाका आला. गठ्ठेवाल्याला तिथेच उतरायचं होतं. रिक्षा थांबली, तरी तो उतरला नाही.