बोर्ड पास करणारी

आमचे हे लोणारच्या स्टँडामागं व्हिडिओ गेमच्या मशीनमधले जुने बोर्ड दुरुस्त करतात. नाव भागवत, पण पोरगी कॉलेजात गेली तरी मी ते तोंडानं घेतलं नाही. ती अंगणवाडीवाली अनुपमा मात्र उंबऱ्यातूनच "काय रे भागवत, झाला का बोर्ड?" म्हणत येते. माझं डोकं तिथूनच फिरते.

आधी ह्यायचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणसान, ही बाई नुसती जळूनच राह्यली. हे मूळचे सुलतानपूरचे. वावर थोडं, भाऊ जास्त, म्हणून टीव्ही दुरुस्ती शिकले. मग जाडे टीव्ही गेले, पातळ आले, अन् पातळ बिघडला की लोक दुसराच आणतात. धंदा बसला. त्याच सुमाराले स्टँडावरचं गेम पार्लर बंद पडलं, अन् मालकानं, म्हणजे अनुपमाच्या बापानं, भंगारात जायचे बोर्ड ह्यायच्या गळ्यात मारले. गल्ली हसली. पण ह्यायनं त्यातला एक चालू केला, पोरीनं त्याचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला, अन् आता नागपूर, पुणे, पार बेंगळुरूहून शौकीन लोक कुरिअरनं बोर्ड धाडतात. कोणाले मेलेला बोर्ड जिता करून पाहिजे, कोणाले एका गेमच्या बोर्डावर दुसराच गेम भरून पाहिजे.

गेम ज्या चिपमध्ये असते तिच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी राहते. ह्यायनं पाणी शुद्ध करायच्या मशीनमधली निळी ट्यूब बिस्किटाच्या डब्यात बसवली आहे. चिप त्यात ठेवली की ट्यूबच्या उजेडानं जुना गेम पुसून जाते. मग नवा भरायचा अन् खिडकी झाकायची, नाहीतर उजेडानं तोही उडते. झाकायले काय, तर माझी टिकली! पहिल्या चिपच्या वेळी घरात चिकटपट्टी नव्हती, म्हणून ह्यायनं माझ्या आरशावरची टिकली काढून लावली. तवापासून तो रिवाजच पडला. मीही मुद्दाम मोठ्या, जाड काळ्या टिकल्या आणायले लागली. ह्यायच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघत नाही, तर टिकलीवरच समाधान मानायचं.

अन् एक दिवस बोर्डावर मरून रंगाची टिकली दिसली. मी मरून लावतच नाही.

कोणाची म्हणून विचारलं, तर म्हणे अनुपमाची, तुझ्या संपल्या होत्या. जसं काही घरातलं मीठ संपलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ह्यायचा एक नियम आहे. बोर्ड चालू झाला म्हणजे झाला नाही. कोणीतरी तो शेवटापर्यंत खेळून 'पास' म्हणलं पाहिजे, तवाच तो खोक्यात जाते. ह्यायले स्वतःले खेळता येत नाही, सारं लक्ष मीटरकडं. अनुपमा बापाच्या पार्लरात वाढलेली, तिले सगळे गेम तोंडपाठ. अंगणवाडी सुटली की येते, पदर खोचते, अन् एकाच जीवात शेवटच्या राक्षसापर्यंत जाते. हे तिच्या मागं उभे, हातात चहा, डोळे स्क्रीनवर. माझ्या पुरणपोळीकडं कधी असं पाहिलं नाही.

बाई सरळ आहे. नवरा आहे, लेकरं आहेत, वाईट काही नाही, हे मले पक्कं माहीत आहे. पण जळायले वाईट काही असावं लागत नाही. मले तो 'पास' पाहिजे होता. ह्यायनं एकतरी बोर्ड माझ्या शब्दावर खोक्यात भरावा, बस.

म्हणून मी दुपारची खेळायले बसू लागली. अगं माय! गाडी सुटली की कठड्यावर, विमान उडालं की खाली. तीन जीव मिळतात, माझे तिन्ही कुकरच्या शिट्टीआधी जायचे. पोरगी पोट धरून हसायची.

परवा बेंगळुरूवाल्याचा बोर्ड तयार झाला. मोटारींच्या गेमवर विमानांचा गेम भरला होता. अनुपमा बसली, सगळी विमानं पाडली, मशीन बंद केलं अन् 'पास' म्हणली. हे खोक्यात घालायले फोम आणायले गेले. ती चहा घेत बसली अन् मी जिद्दीनं तिच्याच समोर मशीन चालू केलं. तीन जीव गेले, अन् स्क्रीनवर अक्षरांच्या चिंध्या झाल्या. काहीच हलेना. बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा मेली, पुन्हा चिंध्या.

"काय केलंस गं तू?" अनुपमानं विचारलं.

"मेली," मी म्हणलं.

हे आल्याबरोबर तिनं सांगितलं, चांगला चालत होता, वंदनानं काहीतरी दाबलं. ह्यायनं मले पुन्हा बसवलं. दोघांच्या देखत मी मेली, अन् तेच झालं. मग ह्यायनं अनुपमाले विचारलं, तू खेळताना मेली होती का. ती कशाले मरते? गेम हरल्यावर जे दिसते, तिथपर्यंत ती कधी गेलीच नव्हती. ह्यायनं चिप उपटली. तिचा एक पाय सॉकेटात न जाता पोटाखाली दुमडला होता, अन् हरल्यावरचं सारं त्याच पायातून येत होतं. पाय सरळ करून चिप बसवली अन् मले म्हणले, "वंदना, पुन्हा मर बरं."

मी अशी मनापासून मेली की विचारू नका. खेळ नीट संपला, अन् पहिला स्क्रीन आला. हे अनुपमाकडं नाही, माझ्याकडं पाहत होते.

"पास," मी म्हणलं. अन् बोर्ड खोक्यात गेला.

अनुपमाचा चेहरा एवढासा झाला. आता मी येऊ का नको, तिनं विचारलं. हे म्हणले, ये ना, तू जिंकत जा, वंदना हरत जाईन.

म्हणजे तिनं जिंकायचं अन् मी मरायचं! अशी आग झाली मस्तकाची. पण मीही काही कमी नाही.

"चालते," मी म्हणलं. "पण तिचं जिंकून झाल्यावर मी बसणार. अन् पास मीच म्हणणार."

ह्यायनं मीटर खाली ठेवला अन् मान हलवून हाव म्हणले. अनुपमाचा चहा गार पडला होता. मी तो गरम करून दिला नाही.