उरलेलं रक्त

मुलीच्या वेळी मी कल्याणला घराजवळच्या प्रसूतिगृहात नाव घातलेलं. पहिल्याच खेपेला सिस्टरने दंडाला रबर बांधून रक्त घेतलं.

"कसली तपासणी?" मी विचारलं.

"सगळ्यांचीच करतो."

पुढच्या खेपेला म्हणाली, रक्त जरा कमी आहे, गोळ्या खा, बाकी सगळं ठीक. मी निर्धास्त झाले.

मुलगी झाली. मला दूध भरपूर. कोलशेतहून आलेली माझी आई शेजारणींना कौतुकाने सांगायची. दीड वर्ष मी मुलीला अंगावर पाजलं.

मग नवऱ्याचा ताप हटेना. ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात त्याला एचआयव्ही निघाला, मग मला, मग मुलीलाही. नवरा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "लग्नाआधीचं असेल गं. मला खरंच ठाऊक नव्हतं." मी त्याच्याशी किती दिवस बोलले नाही. पण तो खोटं बोलत नव्हता, एवढं मला कळत होतं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, नाव कुठे घातलेलं, कधी. मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या,

"तेव्हा तिथे सरकारचा सर्व्हे चालू होता. तपासण्या झाल्यावर गरोदर बायकांचं उरलेलं रक्त एचआयव्हीसाठी तपासायचे. देशात लागण किती आहे, ते कळावं म्हणून."

"माझंही तपासलं?"

"तपासलं असेल. नाव काढून टाकतात, त्यामुळे आता कुणालाच सांगता येणार नाही."

"तेव्हा कळलं असतं तर?"

"वरचं दूध द्यायला सांगितलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "कदाचित मुलीची लागण टळली असती."

मुलगी तीन वर्षांची व्हायच्या आत गेली. त्यानंतर मी एकदा त्या प्रसूतिगृहात गेले. सिस्टरने लगेच ओळखलं. "अगं, मुलगी कशी आहे?"

"गेली," म्हटलं, आणि का ते सांगितलं.

ती खुर्चीवर बसली. "वरून तसाच नियम होता, ताई. नावानिशी तपासलं असतं तर भीतीने बायका आल्याच नसत्या."

"मला विचारलं तरी असतं. माझंच रक्त होतं ना?"

मी बाहेर आले. बाकावर पोटुशा बायका बसलेल्या. पहिलीच्या शेजारी बसून मी म्हणाले, "रक्त कशाकशासाठी तपासतात ते विचार. आणि तुझा निकाल मागून घे." मग दुसरीला सांगितलं. सिस्टर दारात येऊन उभी राहिली. तिने मला थांबवलं नाही.